मांजर आडवं गेल्यानंतरची कार्यपद्धती

शारजातल्या अल मजाज भागात आमच्या टॉवरच्या तळघरातून रस्त्यावर यायला एकच चढ आहे, आणि त्या चढावर एक मांजर राहतं. वस्तुस्थिती एवढीच आहे. पुढचं सगळं माणसांनी केलं.

चढ एका गाडीपुरता रुंद. मांजर पिवळट, एका कानाला कातरा असलेलं. चौथ्या मजल्यावरच्या जुलेखाभाभी त्याला रोज सकाळी बोंबील टाकतात. बोंबील टाकायची जागा डाव्या भिंतीशी, आणि खाऊन झाल्यावर मिशा चाटत बसायची जागा उजव्या भिंतीशी, कारण तिथे एसीचं गार पाणी ठिबकतं. त्यामुळे नेमकं लोक कामाला निघतात त्या वेळी मांजराला डावीकडून उजवीकडे जावं लागतं. यात त्याचा हेतू वाईट नाही. जुलेखाभाभी त्याला 'बाळा' म्हणतात. बाकीचे काहीच म्हणत नाहीत. नाव घेतलं की येतं, अशी त्यांची समजूत आहे.

आता गुणवंतराव टिपणीस. हे सातव्या मजल्यावर राहतात आणि हमरिया फ्री झोनमधल्या एका पाइप बनवणाऱ्या कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहेत. अत्यंत शिस्तीचा माणूस. पार्किंगमधून गाडी काढतानासुद्धा इंडिकेटर देतात. लांबवर एखादा माणूस रस्ता ओलांडायचा विचार करताना दिसला तरी गाडी थांबवून त्याचा विचार पूर्ण होऊ देतात. याच गुणवंतरावांनी पुण्यात असताना स्कूटर फुटपाथवरून, उलट्या दिशेने आणि एकदा लग्नाच्या मांडवातून नेलेली आहे. मांडवातून नेली तेव्हा जेवूनही आले. विमान समुद्रावर असताना कुठेतरी आपल्या माणसात शिस्त भरली जाते आणि परतीच्या प्रवासात त्याच ठिकाणी ती काढून घेतली जाते, असं माझं निरीक्षण आहे.

लिंबू-मिरचीही त्यांच्या गाडीला आहे. पण ती पुढे बांधली तर नंबरप्लेट झाकते, आणि प्लेट झाकली तर दंड चारशे दिरहम, म्हणजे जवळजवळ दहा हजार रुपये. म्हणून गुणवंतरावांनी ती बॉनेटच्या आत, रेडिएटरशेजारी बांधली. शारजाच्या उन्हात तिथे आठवड्याला एक लोणचं तयार होतं. गाडी सिग्नलला थांबली की शेजारच्या गाडीतल्या माणसाला भूक लागते. खोटं सांगत असेन तर समोरच्या खालिद लगूनचं खारं पाणी गोड होईल.

त्या वर्षी गुणवंतरावांचे वरचे साहेब कायमचे कॅनडाला निघाले होते. त्यांची खुर्ची मिळाली तर मुलीच्या, ईश्वरीच्या, कॉलेजची सोय इथेच होणार होती. नाही मिळाली तर बायकोला आणि मुलीला पुण्याला धाडून गुणवंतरावांना दुबईच्या इंटरनॅशनल सिटीत सहा जणांच्या खोलीत एक खाट भाड्याने घ्यावी लागणार होती. खाट बघून आले होते. दुमजली खाटेतली वरची होती. खुर्चीसाठी दुसरा उमेदवार निखिल नावाचा तरुण. तो वेळेवर येत असे, आणि एवढं एक सोडलं तर त्याच्यात दोष नव्हता.

अशा नाजूक काळात एका सकाळी गुणवंतराव चढाच्या तोंडाशी आले आणि मांजर आडवं गेलं.

गुणवंतरावांनी ब्रेक लावला. हॅझर्ड लाइट लावले. शेजारी त्यांच्या पत्नी शोभनावहिनी होत्या. त्या ईश्वरीच्याच शाळेत शिकवतात, म्हणून तिघं रोज एकत्र निघतात.

"गेलं ना?" शोभनावहिनींनी विचारलं.

"गेलं."

"आता?"

"आता आधी दुसरं कोणीतरी पुढे जाऊ दे."

"बाबा, वी आर ऑन अ रॅम्प," मागून ईश्वरी म्हणाली. "देअर इज नो पुढे."

"हे बघ, मी काही मानत नाही," गुणवंतराव म्हणाले. "पण कशाला उगाच."

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. आपली सगळी घरं या वाक्यावर उभी आहेत.

"सो सिली," ईश्वरी म्हणाली. "नथिंग बॅड एव्हर हॅपन्स टू अस, टचवुड." आणि तिने लाकडाला हात लावायला इकडे तिकडे पाहिलं. गाडीत सगळं प्लॅस्टिक. सीट प्लॅस्टिक, दार प्लॅस्टिक, डॅशबोर्डवरचा गणपतीसुद्धा प्लॅस्टिक. शेवटी दप्तरात एक पेन्सिल सापडली. तिला हात लावून ती निर्धास्तपणे मोबाइलमध्ये परत गेली.

मागे रांग लागली. या देशात हॉर्न वाजवणं असभ्यपणाचं असल्यामुळे कोणी वाजवला नाही. गुणवंतरावांनी उतरून मागच्या प्रत्येक गाडीच्या काचेवर टकटक केली आणि मांजराची बातमी दिली. प्रत्येकाने आपण मानत नसल्याचं सांगितलं. मग पुढे जाण्यासाठी प्रत्येकाने दुसऱ्याचं नाव सुचवलं. केरळी डॉक्टर म्हणाले, "आफ्टर यू." सिंधी सराफ म्हणाले, "पहले आप." एवढी सभ्यता त्या तळघराने पूर्वी पाहिली नव्हती. रांग वळून वळून सगळ्यात खालच्या पार्किंगपर्यंत गेली. पाचव्या गाडीत माझा मुलगा होता. त्याने मला फोन करून विचारलं, "बाबा, तुम्ही मोकळे आहात ना? जरा खाली येऊन पुढे चालून दाखवता?" बापाचा असा उपयोग फार थोड्या मुलांना सुचतो. मी गुडघा दुखत असल्याचं सांगितलं.

इतक्यात अलीमियाँ आले. हे जुलेखाभाभींचे यजमान. मूळचे रत्नागिरीकडचे, इथे त्यांचं मसाल्याचं आणि सुक्या मासळीचं दुकान आहे.

"काय ओ गुणवंतराव, बॅटरी बसली काय?"

"मांजर आडवं गेलं."

"म्हणजे बाळाचा नाश्ता झाला. बरं झालं. पण तुम्ही का थांबलाव?"

गुणवंतरावांनी जरा घसा साफ केला. "अलीमियाँ, एक विचारू का? तुमच्यात... मांजर चालतं का हो?"

"चालतं म्हणजे? आमच्यात मांजर माझ्या उशीवर झोपतं. मी कडेला झोपतो."

"मग जरा असे पुढून रस्त्यापर्यंत जाऊन याल?"

अलीमियाँ पुढून गेले, रस्त्यावरच्या टपरीवरून एक चहा घेऊन आले, आणि तोपर्यंत सगळं तळघर रिकामं झालेलं होतं.

एखादी गोष्ट एकदा जमून गेली की तिची कार्यपद्धती करणं हा सेफ्टी ऑफिसरचा धर्म. त्याच संध्याकाळी 'रॅम्प क्लिअरन्स' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला आणि गुणवंतरावांनी त्यावर मसुदा टाकला: 'मार्जाराचे आडवे गमन झाल्यास प्रथम वाहनचालकाने वाहन जागीच थांबवावे. धोक्याची पातळी: उच्च. नियंत्रणाचा उपाय: सक्षम व्यक्तीने पायी जाऊन रेषा छेदणे. सक्षम व्यक्ती: श्री. अलीमियाँ. पर्यायी व्यक्ती: शोध चालू आहे.' अलीमियाँना एक हिरवं चकाकतं जाकीट देण्यात आलं. ते त्यांना आवडलं. ते घालून ते मासळीबाजारातही जात.

शोभनावहिनींना मात्र एक शंका होती.

"अहो, अपशकुन जो पहिला जाईल त्याला लागतो ना?"

"तसं म्हणतात. मी मानत नाही."

"मग आपण तो रोज अलीमियाँच्या डोक्यावर टाकतोय?"

"त्यांना लागत नाही."

"का?"

"ते त्या ज्युरिस्डिक्शनमध्ये येत नाहीत," गुणवंतराव म्हणाले. "आपला अपशकुन त्यांच्या धर्मात व्हॅलिड नाही. दुबईचं पार्किंग तिकीट शारजात चालतं का? तसंच."

वहिनींचं समाधान झालं नाही. पण त्यांनी दुसऱ्या दिवसापासून अलीमियाँकडे अधूनमधून पुरणपोळ्यांचा डबा पाठवायला सुरुवात केली. आपल्या समाजात सदसद्विवेकबुद्धीला तूप लावून शांत करता येतं.

व्यवस्था छान चालली. मग तिच्यात तिच्याच गुणांमुळे अडचण आली. सगळा टॉवर अलीमियाँवर अवलंबून राहू लागला, तेव्हा कळलं की अलीमियाँ मांजराला मानत नाहीत, पण टोकण्याला मानतात.

आमच्या टॉवरचा नातूर, म्हणजे रखवालदार, युसुफ हैदराबादचा. स्वभावाने मोकळा. एका सकाळी अलीमियाँ जाकीट घालून रुबाबात निघाले तसं त्याने विचारलं, "किधर जारे, चच्चा?"

अलीमियाँ जागच्या जागी वळले. लिफ्टने वर गेले. घरात जाऊन खुर्चीवर बसले, पाणी प्यायले आणि पुन्हा खाली आले. तोपर्यंत खाली तीन मजले गाड्या.

"हे काय हो नवीन?" गुणवंतराव काच खाली करून ओरडले.

"नवीन कुठलं? निघताना 'कुठे' विचारलं तर परत जायचं असतं. आमची दादी सांगायची."

"तुम्ही मानता?"

"मी कुठला मानतोय," अलीमियाँ म्हणाले. "पण कशाला उगाच."

गुणवंतरावांचा चेहरा उजळला. पहिल्यांदाच त्यांना तो माणूस आपल्यातला वाटला.

कार्यपद्धतीत दुरुस्ती झाली: सकाळी युसुफने बोलू नये. युसुफ बोलायचा थांबला. पण तोंड बंद ठेवल्यामुळे त्याचा सगळा श्वास नाकातून होऊ लागला, तळघरातली धूळ नाकात गेली आणि तो शिंकू लागला. आता एक शिंक म्हणजे थांबा, हे भारताच्या कुठल्याही प्रांतातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. केरळी डॉक्टरांनीही, ज्यांचा धंदाच शिंकांवर चालतो, इंजिन बंद केलं. दोन शिंका मात्र शुभ. मग युसुफ एकदा शिंकला की दुसरी शिंक कुठून आणायची, हा प्रश्न उभा राहिला. अलीमियाँनी दुकानातून मिरपुडीची डबी आणून दिली. एक शिंक नैसर्गिक आली की दुसरी युसुफने मिरपूड हुंगून द्यायची. हे काम त्याच्या कामाच्या स्वरूपात बसतं का, असं त्याने विचारलं. गुणवंतरावांनी त्याला मास्क, हातमोजे आणि 'डबी वापरण्याचं प्रशिक्षण' दिलं.

दरम्यान कोणीतरी बिल्डिंगच्या ऑफिसात तक्रार केली की सकाळी गाड्या बाहेर पडत नाहीत. खरं कारण लिहायची लाज वाटल्यामुळे 'तांत्रिक अडथळा' असं लिहिलं होतं. ऑफिसातून हम्माद नावाचे अधिकारी आले. त्यांनी शटर तपासलं, दिवे तपासले, चढ मोजला. मांजराला थोडं खाजवलं. "शटर गुड, रॅम्प गुड, कॅट व्हेरी गुड," ते म्हणाले. मग रांगेत शांतपणे बसलेल्या सगळ्यांकडे बराच वेळ पाहिलं, मान हलवली आणि मांजर जिथून गेलं होतं तिथूनच सरळ चालत निघून गेले. त्या दिवशी रांग लवकर सुटली.

आणखी एक गोष्ट याच काळात झाली. तिच्याकडे तेव्हा कोणी लक्ष दिलं नाही. अलीमियाँचं दुकान धावायला लागलं. शेजारचा गाळा रिकामा झाला, तो त्यांनी घेतला. महिन्याभरात दुसरं दुकान निघालं.

जूनमध्ये बातमी आली की मुंबईहून डायरेक्टर साहेब येणार, सोमवारी सकाळी आठला मीटिंग. गुणवंतराव आणि निखिल, दोघांनी एकाच विषयावर बोलायचं, आणि जो पटेल त्याला खुर्ची. विषय होता 'कामातील विनाकारण थांबे आणि ते टाळण्याचे मार्ग'.

शोभनावहिनींच्या आईंनी सांगलीहून फोन केला. "सोमवारी राहुकाळ साडेसात ते नऊ. जावईबापूंना म्हणावं, त्यात घराबाहेर पडू नका."

"साडेसात इथले की तिथले, आई?" वहिनींनी विचारलं.

इथे पेच पडला. शारजाचं घड्याळ भारताच्या दीड तास मागे. वहिनींचं म्हणणं, राहू आकाशातला आहे, जिथे माणूस तिथलं घड्याळ. आईंचं म्हणणं, राहू आपला आहे, तो परदेशी घड्याळ कशाला बघेल? गुणवंतरावांनी व्यावसायिक तोडगा काढला. "वर्स्ट केस धरायची. दोन्ही राहू लागू." भारतीय राहू इथल्या सहा ते साडेसात, स्थानिक राहू साडेसात ते नऊ. म्हणजे घर सहाच्या आत सोडायला हवं.

सोमवारी पाच वाजताच टिपणीस कुटुंब दहीसाखर खाऊन गाडीत बसलं. चढाशी येतात तो समोर मांजर, तोंडात बोंबलाचं शेपूट, डावीकडून उजवीकडे. मागे पाहिलं तर सगळा टॉवर रांगेत. प्रत्येकाच्या घरी कोणाची तरी सासू होती.

"अलीमियाँना फोन करा," वहिनी म्हणाल्या.

अलीमियाँ जाकीट चढवून आले. युसुफ ओठ घट्ट मिटून, डबी छातीशी धरून उभा. सगळं कार्यपद्धतीबरहुकूम. अलीमियाँनी पाऊल उचललं, एवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि आतून जुलेखाभाभींचा आवाज आला, "अहो, कुठे चाललाव? चष्मा वरच राहिला!"

तळघरातून एकच सुस्कारा निघाला. अलीमियाँनी पाऊल मागे घेतलं, भाभींकडे एक नजर टाकली आणि वर पाणी प्यायला गेले. भाभींना काही कळेना. "चष्मा आणला ना मी," त्या युसुफला म्हणाल्या. "मग वर कशाला गेले?"

अलीमियाँ परत आले तेव्हा युसुफ घाबरून शिंकला. नियमाप्रमाणे त्याने डबी हुंगली आणि दुसरी शिंक दिली. जोडी पूर्ण झाली. लोकांनी गाड्या चालू केल्या. आणि तेवढ्यात, मिरपूड जरा जास्त झाल्यामुळे, तिसरी आली.

"तीनचं काय असतं?" सराफांनी मागून विचारलं.

"दोन अधिक एक," डॉक्टर म्हणाले. "एक शिल्लक राहते." इंजिनं बंद झाली.

डबी पालथी पडली होती. चौथी शिंक येईना. लोकांनी युसुफला नाकाशी पिसं धरून, रुमालाची वळी घालून, वरच्या दिव्याकडे बघायला लावून पाहिलं. सहा वाजले आणि भारतीय राहू सुरू झाला. अलीमियाँ म्हणाले, दुकानातून डबी आणतो. पण आणायला जायचं म्हणजे शिंकेवर जायचं. जुलेखाभाभींनी आपल्या घरची मिरपूड देऊ केली. पण ती आणायला त्यांना लिफ्ट मिळेना, कारण लिफ्टमध्ये सगळ्या मजल्यांवरच्या बायका 'अहो अजून इथेच?' हे न विचारण्याची काळजी घेत खालीवर करत होत्या. साडेसात वाजले. भारतीय राहूने स्थानिक राहूला चार्ज दिला.

गुणवंतराव स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. शोभनावहिनी मोबाइलवरचं घड्याळ बघत होत्या. मघापासून दोघांच्या डोळ्यांसमोर तीच खाट होती. वरची.

"आई, आय हॅव अ फिजिक्स टेस्ट," ईश्वरी म्हणाली. "धिस इज इनफ. आय विल वॉक अक्रॉस." आणि तिने दार उघडलं.

"ईशू! खबरदार!" शोभनावहिनी एवढ्या मोठ्याने ओरडल्या की मांजराने चाटणं थांबवलं. "तू नाही जायचंस पहिली! तुझं सगळं भविष्य पडलंय समोर!"

ईश्वरी एक पाय बाहेर ठेवून थांबली. मग तिने हिरव्या जाकिटाकडे पाहिलं.

"अँड अलीमियाँ अंकल? ही डझन्ट हॅव अ फ्यूचर?"

मागे सराफांनी आपली काच हळूच वर घेतली.

गुणवंतरावांनी मान वर केली तर अलीमियाँ समोरच. "अलीमियाँ, म्हणजे त्याचं असं आहे..."

"राहू द्या ओ," अलीमियाँ हसले. "मला काय पहिल्या दिवसापासून कळत नव्हतं? तुमची बला माझ्या डोक्यावर, एवढंच ना. मी म्हटलं, यांचं काम होतंय, होऊ दे."

"आणि तुम्ही तरी गेलात? रोज?" वहिनींनी विचारलं.

"वहिनी, तुमच्या पुरणपोळ्या खाऊन माणूस समुद्रातून पण चालत जाईल."

गुणवंतरावांचे कान लाल झाले. त्यांनी हॅझर्ड लाइट बंद केले, इंडिकेटर दिला, हँडब्रेक सोडला आणि दोन राहू, तीन शिंका आणि एक मांजर यांना न जुमानता गाडी सरळ वर घेतली. शोभनावहिनींनी डोळे मिटले होते. त्यांनी ते शाळेच्या फाटकाशी उघडले.

हमरियाला पोचेपर्यंत साडेआठ वाजून गेले होते. दारातच निखिल उभा. सातपासून आलेला. सूट, लॅपटॉप, छापील प्रती.

"संपलं ना?" गुणवंतरावांनी विचारलं.

"काय संपलं सर? सुरूच नाही झालं. डायरेक्टर अजून हॉटेलवरच आहेत."

डायरेक्टर नऊ वाजून गेल्यावर आले. उशीर का झाला ते त्यांनी सांगितलं नाही. पण त्यांच्या मनगटावर नवा गंडा होता आणि एका हातात दोन घड्याळं होती, एक मुंबईचं आणि एक इथलं. गुणवंतरावांना सगळं समजलं. निखिलला समजलं नाही. तो पुढे झाला आणि अत्यंत आदराने म्हणाला, "गुड मॉर्निंग सर! कुठे होतात इतका वेळ?"

डायरेक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. मागे वळले. परत गाडीत जाऊन बसले. ड्रायव्हरकडून बाटली घेऊन पाणी प्यायले. मग पुन्हा उतरले आणि निखिलला वळसा घालून आत गेले. खुर्चीचा निकाल खरं म्हणजे तिथेच लागला होता. तरी रीतीप्रमाणे दोघांची भाषणं झाली. निखिलने आकडे मांडले. गुणवंतराव मात्र विनाकारण थांब्यांविषयी पोटातून बोलले. माणूस थांबतो ते यंत्रामुळे नव्हे तर मनातल्या भीतीमुळे, आणि त्या भीतीचं ओझं तो शेजाऱ्यावर टाकतो, असं म्हणताना त्यांचा आवाज कापला. डायरेक्टरांनी रुमालाने डोळे टिपले आणि मग तोच रुमाल झटकून, उलटा करून, खिशात ठेवला.

गुणवंतरावांना खुर्ची मिळाली. खाट गेली.

इथे शहाणा लेखक गोष्ट संपवेल. पण मी टॉवरमध्ये राहतो आणि मला रोज सकाळी खिडकीतून दिसतं, म्हणून सांगणं भाग आहे.

बातमी लिफ्टमधून वर गेली. ज्या दिवशी मांजर आडवं गेलं आणि टिपणीस स्वतः पहिले गेले, त्याच दिवशी त्यांना बढती मिळाली. मग कोणाला तरी अलीमियाँचं दुसरं दुकान आठवलं. तेही रोज पहिले जात होते! सराफांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. डॉक्टर म्हणाले, दोन केसेस म्हणजे योगायोग असू शकतो. सराफ म्हणाले, तुमच्या तीन शिंकांना योगायोग म्हणालात का? गुणवंतरावांनी, आता हेड ऑफ सेफ्टी या नात्याने, सुधारित कार्यपद्धती काढली: 'मार्जार आडवे गेल्याशिवाय कोणीही वाहन बाहेर काढू नये. आडवे गेल्यावर प्रथम जाण्याचा मान आळीपाळीने.'

शेवटच्या वाक्यावरून भांडणं झाली, पण तो भाग वेगळा.

आता रोज पहाटे सगळा टॉवर मांजर आडवं जाण्याची वाट पाहत बसतो. ते लवकर जावं म्हणून प्रत्येक जण त्याच्यासाठी काही ना काही आणतो. टूना येतो, सॅमन येतो, सराफांकडून तूप-पोळी येते. हे सगळं डाव्या भिंतीशी. मांजर खातं आणि तिथेच झोपतं. उजवीकडच्या गार पाण्याशी जाण्याइतकं उठणंही आता त्याला होत नाही. मागच्या आठवड्यात मुलांच्या शाळेच्या बस भरून गेल्या, ऑफिसं सुरू झाली, ऑफिसांची दुपारची जेवणं झाली. मांजर कुशीवर वळलं, एवढंच.

अलीमियाँ या रांगेत नसतील, असं मला वाटलं होतं. परवा खाली गेलो तर दुसऱ्या दुकानाची नवी व्हॅन घेऊन ते सराफांच्या मागे उभे.

"तुम्ही?" मी म्हटलं. "तुमच्या तर उशीवर मांजर झोपतं ना?"

"म्हणजे मी मानत नाय," अलीमियाँ जरा ओशाळून म्हणाले. "पण दोन दुकानं झाली ना आता. कशाला उगाच."

आता तुम्ही म्हणाल, म्हातारा थापा मारतो. मारत असेन. तुम्ही शिकलेले आहात, तुमच्याकडे असलं काही चालत नाही. मघापासून वाचताना हसलात, ते मी समजू शकतो. हसता हसता मनात एकदा म्हणालातही असाल, की आपलं बाबा बरं चाललंय, नोकरी आहे, तब्येत ठीक आहे, घरचे सुखरूप आहेत.

म्हणालात ना? मग तो टेबलावर ठेवलेला हात आता उचला. ते लाकूड नाही, वरून सनमायका आहे.